कळसूबाईला कोण कोण

मुंढव्याच्या पुलावर स्कूटर बंद करून उभी होते तेव्हा ऋषीचा मेसेज आला. त्या पुलावर अडकलं की दोनच उद्योग उरतात, पुढच्याच्या खानदानाचा उद्धार करायचा किंवा फोन काढायचा, आणि पहिला माझा करून झाला होता. खाली नदी जलपर्णीची गोधडी पांघरून पडली होती, एप्रिलच्या उन्हात तिचा कुबट वास वर येत होता, शेजारच्या रिक्षावाल्याने तोंडाला रुमाल बांधून डोळे मिटून घेतले होते. वाघोलीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रोज याच पुलावरून मी केशवनगरला घरी येते, त्यामुळे त्या वासाचं मला आता काही वाटत नाही. फोनवर माहेरच्या ग्रुपचं नाव होतं आणि खाली ऋषी. 'मे महिन्यात कळसूबाई. कोण कोण येतंय?' वर्षभरात त्याने त्या ग्रुपवर साधा अंगठासुद्धा टाकला नव्हता. मी ते परत वाचलं आणि पोटात खड्डा पडला. का पडला ते कळायच्या आत बाकीच्यांना आनंदाचं भरतं आलं. विश्वजीतदादाने, आमच्या थोरल्या भावाने, लिहिलं, 'टेम्पो ट्रॅव्हलर माझ्याकडे लागली.' आईने जोडलेले हात टाकले, मग फुलं, मग परत हात. आप्पांना टाइप करायचा कंटाळा, त्यांनी बोलून पाठवलं, 'चला चला, समदेच जाऊ.' मागचा हॉर्न वाजवायला लागला. पुढची जागा रिकामी झाली होती आणि मी फोन धरून तशीच. 'ओ मॅडम, घरी जाऊन वाचा ना,' तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

ऋषी माझा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. हे वाक्य मी इतकं सरळ पहिल्यांदाच म्हणतेय, तेही मनातल्या मनात. तो वाचला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, चहाच्या मशीनशेजारी आप्पांनी आम्हाला गोळा केलं. आई, दादा आणि मी. माझ्या वडलांना हडपसरात बजरंगआप्पा म्हणतात. जमिनी होत्या तेव्हा म्हणायचे, आता त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले तरी म्हणतात. ते भिंतीकडे बघत म्हणाले, 'कुनी इचारलं तर कावीळ सांगायची.' दादा म्हणाला, 'लिव्हरचं काहीतरी म्हणू या का?' आप्पा म्हणाले, 'लिव्हर म्हनलं की लोकांना दारू दिसती. कावीळ. समद्यांनी एकच सांगायचं. खोटं एक आसलं तर निभतं, दोन झाली की बोभाटा.' आत पोरगा नळ्या लावून पडलेला आणि बाहेर आमची ही वकिली. मला त्या वेळी राग आला नाही, हे मला आठवतं. उलट हायसं वाटलं, की चला, काहीतरी ठरलं. संध्याकाळी अनिरुद्धने, माझ्या नवऱ्याने, फोनवर विचारलं, 'काय झालंय त्याला?' आणि मी म्हणाले, 'कावीळ.' जीभ अडखळलीसुद्धा नाही. तो बिचारा अजून तेच धरून बसलाय.

पण खोट्याला खायला घालावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी आणल्यावर भेटायला येणारे उसाचा रस आणायचे, भाजके फुटाणे आणायचे, शहाळी आणायचे, आणि समोर बसून तो खातो की नाही बघायचे. मग आई त्याला बिनफोडणीचं वरण घालू लागली. आधी पाहुण्यांसमोर, मग पाहुणे नसतानाही. हळद बंद, तेल बंद, तिखट बंद. मी एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, 'आई, अगं त्याला खरी कावीळ थोडीच झालीय.' आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी वंगाळ बोलले. 'लिव्हरला आराम बरा आसतो,' ती म्हणाली आणि गॅस बारीक करायला वळली. गॅस बारीकच होता. डॉक्टरांनी एका मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं होतं, तिथे दादा त्याला दोनदा घेऊन गेला. तिसऱ्या खेपेला वेटिंगमध्ये आमच्या भावकीतलं कुणीतरी भेटलं आणि ते बंद झालं ते झालंच. मग हिरा आत्याने, आप्पांच्या थोरल्या बहिणीने, हट्ट धरला की सासवडच्या पलीकडे एक म्हातारबाबा काविळीची माळ घालतात, डॉक्टर-बिक्टर सगळे झक मारतात त्यांच्यापुढे. आप्पांना नाही म्हणता येईना. कावीळ असती तर माळ घातलीच असती की आम्ही. तेव्हा गाडी काढून गेलो. वेलाच्या काड्या दोऱ्यात गुंफलेली एवढीशी माळ, ती डोक्यावर टोपीसारखी ठेवायची, आणि कावीळ उतरते तशी माळ वाढत वाढत खाली उतरते म्हणे. ऋषी पाटावर बसला होता. बाबांनी माळ ठेवली तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. हसला असता तर मीही हसले असते. तो हसला नाही. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत माळ खरंच वाढली, कपाळावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. काड्या वाळतात आणि गाठी सैल होतात, यात चमत्कार काही नाही, मी शिकवते हे सगळं. पण आईने माळ छातीवर आलेली पाहून देवापुढे साखर ठेवली, आणि आप्पा चारचौघांत सांगू लागले की पोरगं आता बरं झालं. मला वाटतं त्या दिवसापासून त्यांच्या लेखी ती खरंच कावीळ होती. आपलं खोटं ज्याच्या त्याच्या अंगी असं लागतं.

तरी गच्चीला कुलूप होतंच. ते कुलूप माळेच्या आधीचं. 'माकडं येत्यात,' आई सांगायची. हडपसरात, आमच्या गल्लीत, माकडं. किल्ली तिच्या कनवटीला. यंदा उन्हाळ्यात तिने कुरडया घातल्या त्या खाली पार्किंगमध्ये, दादाची गाडी बाहेर रस्त्यावर लावून, प्लास्टिकवर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की वर लय धूळ आसती. ऋषीच्या खोलीची आतली कडी काढून टाकली होती, तिच्या जागी स्क्रूची भोकं राहिली होती. ही माणसं, जी स्वतःच्या दोन मजल्यांच्या घराच्या गच्चीवर त्याला जाऊ देत नव्हती, ती आता टेम्पो ट्रॅव्हलर करून त्याला अख्ख्या महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच डोंगरावर न्यायला निघाली होती, आणि यातलं काही एकाच्याही डोक्यात येत नव्हतं. मला पुलावर पोटात खड्डा पडला तो याचा होता. घरी येईपर्यंत तो मला शब्दांत सापडला, आणि सापडल्यावर तो जाईना.

रविवारी सगळे हडपसरला जमलो. आईने किती दिवसांनी झणझणीत रस्सा केला होता, ऋषीने मागून मागून घेतला, आणि त्याच्या कपाळावर आलेला घाम पाहून आई पदराने डोळे पुसत होती. जेवणं झाल्यावर दादाने मोठ्या टीव्हीवर कळसूबाईचा व्हिडिओ लावला. बारी गावातून निघालेली वाट, रांगेने माणसं, मग लोखंडी शिड्या, एकीवरून दुसरीवर, कड्याला चिकटलेल्या, आणि मग वरून काढलेलं चित्र, इवलंसं देऊळ, भगवा, आणि चारी बाजूंनी काहीच नाही. कॅमेरा त्या काहीच नाहीवरून सावकाश फिरत होता. मी ऋषीकडे बघत होते. तो पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून, परीक्षेला बसल्यासारखा बघत होता. अनिरुद्ध म्हणाला, 'मे महिन्यात त्या शिड्या तव्यासारख्या तापतात रे, हात भाजतील.' 'पहाटे निघायचं,' ऋषी म्हणाला. 'ऊन व्हायच्या आत वर. आणि शनिवार-रविवार नको, फार गर्दी असते. आपण आपलेच असू.' आप्पांना हुरूप आला होता. ते म्हणाले, 'माझं गुडघं चढंल का?' 'हळूहळू जाऊ आप्पा. घाई नाहीये. पण सगळ्यांनी यायचं, एक पण कमी नको,' आणि मग टीव्हीकडे बघत, 'वर जागा थोडी आहे, पण आपण मावू.' दादा त्याच्या पाठीत थाप मारून म्हणाला, 'काविळीनंतर पोरगं पैलवान झालं की!' सगळे हसले. ऋषी काहीतरी म्हणायला गेला, 'दादा, ते जे...' एवढंच, आणि दादाचा फोन वाजला, तो 'हां बोल रे' करत बाहेर गेला, आईने ताटं उचलली, आप्पा बेसिनशी जाऊन चूळ भरू लागले. ऋषी रिमोट हातात घेऊन बसला. मी त्याच्या समोर होते, मला काम काही नव्हतं, पण मीही उठले आणि आईच्या हातातली ताटं घेतली.

त्यानंतरचे दिवस मी बारावीचे पेपर तपासत होते आणि एकाही पेपरात काय लिहिलंय ते मला दिसत नव्हतं. सगळ्यांनी यायचं. एक पण कमी नको. आपण आपलेच असू. कशाला? सगळ्यांसमोर? की शेवटचं एकदा सगळे बरोबर? काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं माझं झालं होतं, त्याने मीठ मागितलं तरी मला त्यात काहीतरी दिसत होतं. मी स्वतःला सांगायची, अगं बाई, पोरगं वर्षभर खोलीत कुजलं, त्याला डोंगर चढावासा वाटतोय, हे चांगलं लक्षण आहे. मग दुसरं मन म्हणायचं, तेव्हाही सगळं चांगलंच होतं. मागच्या वर्षी, त्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात तो किती हसत होता, माझ्याकडे येऊन अनिरुद्धशी कॅरम खेळला होता, जाताना मला म्हणाला होता, 'ताई, पोहे बरे करायला लागलीस गं,' आणि मी त्यावर दोन टोमणे मारले होते. लक्षण म्हणे. मला त्याच्यातलं काय कळतं? नोकरी का सोडली हे माहीत नाही. खराडीच्या त्या कंपनीत काय झालं होतं, झालं होतं का काही, माहीत नाही. एक मुलगी होती असं दादा म्हणायचा, जमीन विकल्यापासून तो असा झाला असं आप्पा म्हणायचे, आणि आई तर काविळीवरच थांबली होती. त्याला विचारलं नव्हतं कुणीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, तर आमची इतकी घट्ट झाकलेली होती की आत काय धरलंय ते आम्हालाच आठवत नव्हतं. अनिरुद्धला सांगावं असं रोज वाटायचं. पण ते सांगायचं म्हणजे वर्षभर त्याच्या तोंडावर रोज खोटं बोलले तेही सांगायचं, आणि तो मुकाट्याने बुटाच्या नाड्या बांधत बसेल, ओरडणार नाही, हे मला दिसायचं. मी भित्री आहे. हे मी कुणापुढेही कबूल करीन.

बूट घ्यायला ऋषी माझ्याबरोबर आला. गांधी चौकाजवळचं दुकान, बाहेर बसचा धूर, आत रबराचा वास. दुकानदाराने चांगल्या तळाचे, भारीतले काढले. 'हे घ्या साहेब, पावसाळ्यात शेवाळ्यावरसुद्धा घसरणार नाहीत, चार वर्षं बघायला नको.' ऋषीने ते पायात घातले, चार पावलं चालला, आरशात बघितलं. घे, मी मनात म्हणत होते, घे हे, चार वर्षांचे बूट घे रे राजा. त्याने ते काढले, नीट खोक्यात ठेवले आणि म्हणाला, 'साधे दाखवा. एकदाच तर घालायचेत.' दुकानदार त्याच्या सवयीने हसला, 'सगळे असंच म्हणतात, मग दर महिन्याला जातात.' मी हसले नाही. परत येताना तो मागे बसला होता, खोकं मांडीवर धरून, आणि हडपसरच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या खांद्याला बोट लावून म्हणाला, 'तू येतेयस ना? नक्की?' मी म्हणाले, 'बघू रे, पेपर आहेत.' त्याचं बोट खांद्यावरून निघालं. तेवढ्यात हिरवा झाला. मला तेव्हाच गाडी बाजूला घेऊन विचारता आलं असतं. ऋषी, तू वर जाऊन काही करणार आहेस का? सोपं वाक्य आहे, पाचवीतल्या पोराला येईल. मी त्याला घरी सोडलं आणि ठरवलं की ही ट्रिप होऊ द्यायची नाही.

ट्रिप मोडणं पुण्यात काही अवघड नसतं, ट्रिपा मोडण्यासाठीच ठरतात. मी हिरा आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे आमच्या भावकीचं आकाशवाणी केंद्र. मी नुसतं विचारलं, 'आत्या, कावीळ उन्हाने उलटते का गं?' विचारलं फक्त. खोटं एक शब्दही बोलले नाही, ही माझी हुशारी. 'उलटती तर!' आत्या म्हणाली. 'आन उलटल्याली कावीळ लय वाईट, तनू. माझ्या नणंदेचा दीर, बरा हुता चांगला, उन्हातानाचा जत्रंला गेला आन आठ दिवसांत पार झाला. का गं? पोरगं कुटं निगालं का काय?' मी म्हणाले, 'कळसूबाईला, मे महिन्यात.' पुढचं काम आत्याने केलं. संध्याकाळी आईचा फोन, आवाज कापरा, 'आगं तनू, आत्या म्हनती त्येला ऊन चालायचं न्हाई.' मी म्हणाले, 'मोठी माणसं म्हणतात तर असेल काहीतरी आई.' वर्षभर मी ज्या काविळीला नाकं मुरडली ती आता मीच उचलून घराच्या दारात आडवी टाकली. दादाला म्हणाले, 'त्या आठवड्यात तुझ्या साइटचा स्लॅब ना रे?' त्याला तेवढंच हवं होतं, ऊन आणि शिड्या बघून त्याचा उत्साह आधीच उतरला होता. आप्पांना म्हणाले, 'गुडघा दुखतोय म्हणे तुमचा?' दुखत नव्हता, पण दुखायला लागला. अनिरुद्ध म्हणाला, 'मेडिकलीसुद्धा बरोबर आहे ते, हेपॅटायटिसनंतर एवढे श्रम नकोतच,' आणि महाबळेश्वरचं बघू लागला. कुणाला फसवावं लागलं नाही. सगळे दार उघडायचीच वाट बघत होते, मी फक्त कडी काढली. ग्रुपवर एकेकाचं यायला लागलं, 'पुढच्या वर्षी नक्की', 'पावसाळ्यानंतर बघू', 'उन्हाचं कशाला जिवाशी खेळ'. मीही टाकलं, 'माझंही जमत नाहीये रे ऋषी, सॉरी.' शेवटी आप्पांनी बोलून पाठवलं, 'रद्द करा. पोराची तब्येत पयली.' त्याखाली ऋषीने अंगठा टाकला. तो अंगठा पाहून माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी सगळे पेपर संपवले.

पुढच्या रविवारी मी हडपसरला गेले. चहा टाकता टाकता आईने सांगितलं की तिने त्याला परत बिनतेलाचं सुरू केलंय, जोखीम नको, आणि तो जेवतोय कुठं, दोन घास खाऊन उठतोय. वर गेले. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ऋषी पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, पंखा पाचवर, खिडकीला जाड पडदा, दुपारीही खोलीत संध्याकाळ. कॉटखाली बुटांचं खोकं होतं. मी खुर्चीवर बसले आणि इकडचं तिकडचं बोलले, पेपर, ऊन, अनिरुद्धचं महाबळेश्वर. तो ऐकत होता. मग मी म्हणाले, 'वाईट वाटलं का रे तुला? ट्रिपचं?'

'आत्याचा फोन आला होता,' तो म्हणाला. 'म्हणाली, तनूने वेळेवर विचारलं म्हणून बरं.'

'अरे, मी फक्त...'

'तुला काय वाटलं ताई?' तो शांतपणे म्हणाला. आवाजात राग नव्हता, मी शोधला, नव्हता. 'मी वरून उडी मारणार असं वाटलं?'

हे वाक्य आमच्या घरात कुणी म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पंख्याखाली, दुपारी, असं चहा पिताना बोलतात तसं. मी मान हलवली. हो अशी हलवली. माझ्याच्याने तेवढंच झालं.

'मला एकट्याला जायला एसटी होती,' तो म्हणाला. 'त्यासाठी कुणाला विचारतं का कुणी? मला एकट्याला जायची भीती वाटते. कुठेही. आंघोळीला जाताना सुद्धा वाटते कधीकधी.' तो नखाने चादरीचा एक धागा ओढत राहिला, धागा निघाला तरी ओढत राहिला. 'वर गेल्यावर तुम्हाला सांगणार होतो. काय झालं होतं. का झालं होतं. आणि ते अजून गेलेलं नाहीये हे पण.'

'मग इथे सांग ना रे. घरात. आम्ही काय परके आहोत?'

'इथे?' तो पहिल्यांदा हसला, आणि ते हसू मला आवडलं नाही. 'इथे मी तोंड उघडलं की आई गॅस बघायला उठते. दादाचा फोन येतो. आप्पा चूळ भरतात. तू ताटं उचलतेस. वर्षभर बघतोय ताई. किती वेळा सुरुवात केली मी, तुम्हाला मोजता यायची नाही. तिथे वर देवळापाशी एवढीशी जागा. आजूबाजूला काही नाही. तिथून कुणाला उठून आत जाता आलं नसतं.'

मी काय करून ठेवलं होतं ते मला तेव्हा समजलं. मी दोर बघितला आणि साप म्हणून ठेचला. बुडत्याने आपल्या हाताने बांधलेला दोर, सगळ्यांना एकेक टोक धरा म्हणून वाटलेला, आणि मी घरोघरी फोन करून सोडा सोडा सांगितलं. वर परत त्याच्याच काविळीचं निमित्त करून. लाज वाटली. तोंड लपवावं अशी लाज, आणि त्याच्या मागून भीती, मागच्या वर्षी हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हाची, जशीच्या तशी. मी म्हणाले, 'मला सांग. मी ऐकते. आत्ता.'

'आता नको.'

'ऋषी, ऐक. आपण दोघं जाऊ. उद्या जाऊ. मी रजा टाकते.'

'तुझे पेपर आहेत ना,' तो म्हणाला, आणि यात टोमणाही नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. 'राहू दे गं. सगळ्यांना एकदाच सांगायची हिंमत केली होती. ती परत करायला वेळ लागेल. होईल की नाही माहीत नाही.' तो आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून वळला. 'जा तू. दार लोटून घे जाताना.'

मी उठले. खरं सांगते, सवयीने उठले, पाय आपोआप दाराशी गेले, हात दारावर गेला, आणि खाली आईचं भांडं पडल्याचा आवाज आला, तेव्हा आणखी एक निमित्त मिळालं असं क्षणभर वाटूनसुद्धा गेलं. मग मी परत आले. खुर्ची त्याच्यापासून लांब होती, म्हणून पलंगाला पाठ लावून खाली फरशीवर बसले. फरशी गार होती. माझ्या डोक्यामागे त्याचा श्वास ऐकू येत होता, झोपलेल्या माणसाचा नव्हता तो. 'मी उठणार नाही,' मी म्हणाले. माझा फोन पर्समध्ये वाजला, वाजून वाजून थांबला. मग आईने जिन्यातून हाक मारली, 'तनू, चहा निवतोय गं,' आणि थोड्या वेळाने परत, 'आगं ए, काय करताय वर?' मी ओ दिली नाही. आईची पावलं जिना चढू लागली, गुडघ्यावर हात ठेवून चढते तशी, एकेक पायरी, आणि दाराबाहेर येऊन थांबली. दार अर्धं उघडं होतं. तिने मला फरशीवर बसलेली पाहिलं, त्याची पाठ पाहिली. तिच्या हातात कप होता. 'काय झालं?' तिने विचारलं.

'आई, आत ये,' मी म्हणाले. 'बस इथे. कावीळ नव्हती त्याला.'

ती कप धरून उंबऱ्यातच उभी राहिली. खाली गॅसवर काही ठेवलेलं असणार, तिची नजर एकदा जिन्याकडे गेली. ऋषी वळला नव्हता, पण त्याचा श्वास थांबला होता, तोही ऐकत होता. मी आईकडे बघत राहिले. दुसरं काही मला येत नव्हतं.